दानाचा हिशेब होतो, सेवेचा कधी?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातील दोन मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याला लागते आणि शहर मागे टाकल्यानंतरचा तिचा पहिला मुक्काम लोणी काळभोर परिसरात पडतो. त्या एका रात्रीसाठी पाण्याचे टँकर, मांडव, दिवाबत्ती, औषधोपचार, स्वच्छता अशी मोठी व्यवस्था उभी करावी लागते. तिचा काही भार शासन आणि ग्रामपंचायत उचलते, काही वर्गणीतून भागतो. परंतु हजारो माणसांचे जेवण रांधणे, वाढणे, भांडी घासणे, पहाटे पालखी पुढे सरकली की मैदान झाडून काढणे, ही कामे ज्यांच्या हातून होतात त्यांतील बहुतेकांना एक पैसाही मिळत नाही, आणि तो त्यांनी मागितलेलाही नसतो. वर्गणीची पावती फाटते, तिची नोंद वहीत होते. श्रमाची पावती कोणी फाडत नाही.

वारी ही श्रद्धेची आणि काही दिवसांची गोष्ट. तिच्यातील सेवेला मजुरी म्हणणे अरसिकपणाचे ठरेल. मात्र हीच रीत जेव्हा वर्षाचे बाराही महिने चालणाऱ्या, स्थावर मालमत्ता बाळगणाऱ्या आणि बँकेत ठेवी असणाऱ्या धार्मिक संस्थेत रुजते, तेव्हा प्रश्न बदलतो. संस्था पैसा कशावर खर्च करते आणि कोणते काम फुकट करून घेते, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात. मंदिर, मठ, गुरुद्वारा, चर्च यांपैकी कोणीही याला अपवाद नाही. त्यातही चर्चमध्ये हा वाद अधिक स्पष्टपणे मांडला जातो, कारण तेथे सभासदांची यादी असते, मंडळीची समिती असते, दर रविवारी दानपात्र फिरते आणि जमलेला पैसा कोठे गेला हे विचारण्याची थोडीबहुत प्रथाही असते. 'नवी इमारत बांधायची की गरीब सभासदांना मदत करायची?' आणि 'पगारी माणूस नेमायचा की स्वयंसेवकांवर भागवायचे?' हे दोन प्रश्न बहुतेक मंडळ्यांच्या वार्षिक सभेत कधी ना कधी डोके वर काढतातच.

लोणीहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उरुळी, यवत आणि केडगाव ही स्थानके एकामागून एक येतात. उरुळी कांचन येथे १९४६ च्या मार्चमध्ये महात्मा गांधी राहिले आणि तेथील निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई त्या कामासाठी तेथे आले आणि तेथलेच झाले. यवतला पालखीच्या मुक्कामी गावकऱ्यांकडून मिळणारी पिठले-भाकरी वारकऱ्यांत प्रसिद्ध आहे. आणि केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दान आणि श्रम यांचे नाते किती तऱ्हांचे असू शकते, हे पाहण्यासाठी या पट्ट्याबाहेर जाण्याची गरज पडू नये. त्यांतही चर्चचा पैसा आणि चर्चचे श्रम यांवरील महाराष्ट्रातील पहिली मोठी चर्चा ज्या कार्याभोवती झाली, ते केडगावचेच.

केडगावचा धडा

रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देणाऱ्या या संस्थेचा खर्च बोस्टन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे उचलण्याचे ठरवले होते. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, ही त्यामागची अट. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळावर होते, ते या अटीच्या भरवशावर. सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्या, तेव्हा पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळ बाजूला झाले.

हा वाद धर्मांतराचा म्हणून आपल्या स्मरणात राहिला आहे. तो तसा होताही. परंतु त्याच्या मुळाशी विश्वस्तव्यवस्थेचा एक साधा प्रश्न होता: ज्या हेतूने पैसा मिळाला त्याच हेतूवर तो खर्च होतो आहे काय, आणि हे ठरवायचे कोणी? देणारा सातासमुद्रापलीकडे, सल्लागार पुण्यात, काम करणारी रमाबाई आणि ज्यांच्यासाठी सारे चालले त्या विधवा, अशा चौघांचे या पैशाशी नाते होते. पहिल्या तिघांची मते पत्रव्यवहारात आणि वर्तमानपत्रांत नोंदली गेली. चौथ्या घटकाचे मत फारसे कोणी विचारले नाही.

पुढे रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून त्यांनी मुली आणि स्त्रिया आणल्या. तेथे राहणाऱ्यांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि त्यामुळे देणगीदारांशी हेतूचा घोळ उरला नाही. मात्र एवढ्या मोठ्या वस्तीचा संसार केवळ देणग्यांवर चालणे शक्य नव्हते. शेती, गाईगुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे तेथील स्त्रियाच करीत. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्यांनीच जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्यानंतर ते पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले.

या श्रमाला काय म्हणावे? ज्या स्त्रीला अन्न, निवारा, अक्षरओळख आणि हाताला हुन्नर मिळाला तिने केलेले काम शिक्षणाचा भाग होते, हे खरे. त्या काळच्या विधवेला त्याहून चांगला पर्याय दुसरीकडे क्वचितच मिळाला असता, हेही खरे. तरीही तिच्या कामामुळे संस्थेचा खर्च वाचत होता आणि संस्था उभी राहत होती, हे नाकारता येत नाही. मुक्तीची उभारणी जितकी बोस्टनच्या डॉलरांनी झाली तितकीच ती या स्त्रियांच्या हातांनी झाली. इतिहासात मात्र देणगीदारांची नावे राहिली. हाच क्रम आजच्या अनेक संस्थांत पाहायला मिळतो. संगमरवरी पाटीवर देणाऱ्याचे नाव असते, झाडणाऱ्याचे नसते.

पगाराने बांधलेली श्रद्धा

चर्चच्या पैशाविषयीचा दुसरा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उपस्थित केला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम करीत होते. परदेशी पैशावर चालणारी मंडळी स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार, हा प्रश्न या मिशनपुढे त्याआधीपासूनच होता. बोस्टनच्या मुख्य मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून स्थानिक मंडळ्यांनी स्वतःचे पाळक नेमावेत आणि स्वतःचा कारभार पाहावा, असा आग्रह धरला होता. टिळकांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबर येणारा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये ते वारले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. परंतु त्यांनी मांडलेला पेच कायम आहे.

पगारी सेवकांचे चर्च पैसा देणाऱ्याच्या तंत्राने चालते. बिनपगारी सेवकांचे चर्च स्वतंत्र असते, पण ते फक्त त्यांनाच परवडते ज्यांच्या घरी चूल पेटण्याची दुसरी सोय आहे. टिळकांसारख्या कवीने पगार सोडला तर तो त्याग ठरतो. ज्या माणसाला दुसरा पर्यायच नाही त्याच्याकडून पगाराविना काम करून घेणे याला त्याग म्हणता येणार नाही. स्वयंसेवेची चर्चा करताना या दोहोंतील फरक पुष्कळदा पुसला जातो, आणि तो पुसला जाणे संस्थाचालकांच्या सोयीचे असते.

कायदा पैशाकडे पाहतो

महाराष्ट्रातील मंदिरे, मठ आणि चर्च यांच्या कारभारावर १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू आहे. त्यातील 'सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था' या संज्ञेच्या व्याख्येत चर्चचा स्पष्ट उल्लेख आहे. विश्वस्तांनी हिशेब ठेवावेत, त्यांची तपासणी करून घ्यावी, हिशेबतपासनीसाने अनियमितता दिसल्यास अहवालात नमूद करावी आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी, असे हा कायदा सांगतो. जमाखर्चाच्या विहित नमुन्यात संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्यनिवारण आणि इतर धर्मादाय अशा शीर्षकांखाली वेगवेगळा दाखवावा लागतो. एखाद्या मंडळीने वर्षभरात इमारतीवर किती आणि गरिबांवर किती खर्च केला, हे या एका कागदावरून बऱ्याच अंशी कळू शकते.

हेतूविषयीही न्यायालयांची भूमिका ठाम आहे. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या. मूळ धार्मिक हेतू पार पाडणे शक्य असताना त्यासाठी दिलेला पैसा केवळ सोयीचे वाटते म्हणून दुसरीकडे वळवता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. अलीकडचा अनुभव शिर्डीचा. निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी साईबाबा संस्थानाच्या निधीतून ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला, तेव्हा भाविकांचा पैसा पाटबंधाऱ्याला का, असा सवाल करून त्याला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. चर्चच्या मालमत्तेबाबतही हेच तत्त्व आहे. गुजरातमधील ब्रेदरन पंथाच्या चर्चची मालमत्ता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाही, त्यासाठी विश्वस्तकायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले.

या सर्व निकालांतून पैसा आणि जमीन यांचे संरक्षण झाले. परंतु ज्या नमुन्यात दानाचा रुपया न् रुपया दाखवावा लागतो, त्यात सेवेसाठी एकही रकाना नाही. वीस सेवेकऱ्यांनी वर्षभर राबून जे काम केले त्याचा कागदोपत्री मागमूसही राहत नाही. त्यामुळे एक विचित्र परिणाम संभवतो. समजा, दोन संस्थांचे उत्पन्न सारखेच आहे. पहिली राखणदार, स्वयंपाकी आणि सफाई कामगार यांना रीतसर पगार देते. दुसरी तीच कामे सभासदांकडून फुकट करून घेते. वर्षअखेरीस दुसरीकडे मोठी शिल्लक दिसते आणि तिच्यातून सभागृह उभे राहते. सभागृहाच्या उद्घाटनाला विश्वस्तांच्या काटकसरीचे कौतुक होते. प्रत्यक्षात ती शिल्लक विश्वस्तांच्या चतुराईची नसून न दिलेल्या पगाराची असते. ते सभागृह सेवेकऱ्यांनी बांधलेले असते, आणि ते बांधावे की नाही हे ठरवताना त्यांना कोणी विचारलेले नसते.

कामगार कायद्याची कडा

कामगार कायद्याने या प्रश्नाला स्पर्श केला आहे, तोही कडेकडेने. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 'उद्योग' या शब्दाचा अर्थ बराच व्यापक केला. मात्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक अपवाद आवर्जून ठेवला. एखाद्या सत्कार्यासाठी माणसे आपखुशीने, मालक-नोकर नात्याविना राबत असतील आणि ती सेवा मोफत वा नाममात्र मोबदल्यात दिली जात असेल, तर ती संस्था उद्योग ठरणार नाही. आश्रमवासीयांचे उदाहरण त्यांनी याच संदर्भात दिले होते. म्हणजे संस्था धार्मिक आहे एवढ्यावर तिला सूट नव्हती. तेथील कामाचे नाते कोणत्या स्वरूपाचे आहे, हे पाहायचे होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि ही कसोटी बदलली. औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक किंवा लोकोपकारी सेवेत पूर्णतः वा मुख्यत्वे गुंतलेल्या संघटनांच्या संस्थांना 'उद्योग' या व्याख्येतून वगळले आहे. आता पाहिले जाईल ते संस्थेचे रूप. तिच्या आवारात राबणाऱ्याचे नाते मागे पडेल. वेतन संहितेत धर्मादाय संस्थांना अशा शब्दांत वगळलेले नाही, हे खरे. पण त्या संहितेचे संरक्षण मजुरीवर नेमलेल्या माणसाला आहे. ज्याला मजुरीच ठरवून दिलेली नाही तो तिच्या कक्षेत येत नाही. कामावरील अपघाताच्या भरपाईचेही तसेच. मांडव उभारताना मजूर पडला तर कायदा त्याच्या मागे उभा राहतो. त्याच बांबूवरून स्वयंसेवक पडला तर त्याच्या औषधपाण्याचे ओझे त्याच्या घरावर पडते, आणि संस्थेने मदत केली तर ते उपकार ठरतात.

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांवर आणखी एक दडपण आहे. विदेशी अंशदान कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. शिक्षक, डॉक्टर यांच्यासारखे प्रत्यक्ष सेवा देणारे या मर्यादेत मोजले जात नाहीत, परंतु कार्यालयीन माणसांचे पगार मोजले जातात. उधळपट्टीला आळा घालणे हा हेतू योग्यच. पण त्याचा एक न सांगितलेला परिणाम असा की, पगारी कारकुनाऐवजी फुकटचा कार्यकर्ता शोधणे संस्थेच्या हिताचे होते. हिशेबवही स्वच्छ दिसते आणि तिच्याबाहेर बिनपगारी काम वाढते.

ओहायोतील उपाहारगृह

हा पेच आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत टोनी आणि सुझन अलामो यांच्या धार्मिक प्रतिष्ठानात व्यसनातून वा गुन्हेगारीतून बाहेर पडलेली माणसे पेट्रोल पंपावर, दुकानांत, शेतांवर राबत. त्यांना पगार नसे. अन्न, वस्त्र आणि निवारा मिळे. आम्ही कामगार नाही, देवाचे सेवक आहोत, असे त्यांनी स्वतःच न्यायालयात सांगितले. तरीही १९८५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाचा कायदा त्यांना लागू केला. मिळणारे अन्न आणि निवारा हे वेगळ्या रूपातील वेतनच आहे आणि ही माणसे त्यावर अवलंबून आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. काम करणाऱ्याने हक्क सोडायचा म्हटला तरी तो सुटत नाही. नाहीतर प्रत्येक मालक तो सोडवून घेईल.

दुसरा खटला त्याच्या उलट गेला. ओहायो राज्यात अर्नेस्ट अँगली या दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशकाच्या चर्चचे 'कॅथीड्रल बफे' नावाचे उपाहारगृह होते. ते सर्वांना खुले होते आणि तेथे पगारी नोकरांबरोबर मंडळीतील स्वयंसेवकही राबत. स्वयंसेवक कमी पडले की अँगली व्यासपीठावरून आवाहन करीत आणि नकार देणे म्हणजे देवाला नकार देणे, असे सुचवीत. कामगार खात्याने दावा लावला, तेव्हा खालच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सुमारे ३ लाख ८८ हजार डॉलर देण्याचा हुकूम केला. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तो फिरवला. या स्वयंसेवकांना मोबदल्याची अपेक्षाच नव्हती, म्हणून ते कामगार ठरत नाहीत, आणि व्यासपीठावरून आणलेले आध्यात्मिक दडपण हा कामगार कायद्याचा विषय होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की कायद्याची मर्यादा कळते. पोटाची भीती न्यायालयाला मोजता येते, पापाची भीती मोजता येत नाही. आणि धार्मिक संस्थेतील फुकट श्रमाचा प्रश्न पुष्कळदा दुसऱ्या भीतीचा असतो. 'या रविवारी येत नाही' असे म्हणणाऱ्या सभासदाकडे मंडळी कशा नजरेने पाहते, मुलीच्या लग्नाला किंवा घरच्या मयताला चर्च उभे राहील की नाही याची धास्ती त्याला वाटते की नाही, हे कोणत्याही निरीक्षकाला तपासता येणार नाही. ते तपासण्याची जबाबदारी म्हणूनच त्या समाजाची स्वतःची आहे.

चर्चच्याच पुस्तकातले उत्तर

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा, म्हणजे १९८३ ची कॅनन संहिता, या बाबतीत अनेक देशांच्या कायद्यांहून पुढे आहे. विशिष्ट हेतूसाठी दिलेले दान त्याच हेतूवर खर्च करावे (कलम १२६७), प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी (कलम ५३७), भाविकांनी दिलेल्या धनाचा हिशेब भाविकांना द्यावा (कलम १२८७), हे त्यात आहेच. त्यापुढे जाऊन कारभाऱ्यांनी देशाचे कामगारविषयक कायदे काटेकोर पाळावेत आणि काम करणाऱ्यांना न्याय्य वेतन द्यावे, असे कलम १२८६ सांगते. कलम २३१ तर चर्चच्या विशेष सेवेत असलेल्या सामान्य भाविकांना स्वतःच्या आणि कुटुंबाच्या गरजा भागतील असा योग्य मोबदला मिळण्याचा हक्क आहे, असे म्हणते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या घटना वेगळ्या आहेत, पण बहुतेकांत निवडलेली समिती आणि वार्षिक सभा असतेच.

म्हणजे हिशेब मागणारा सभासद श्रद्धेत कमी पडतो, हा आक्षेप चर्चच्या नियमांपुढेच टिकत नाही. उणीव असेल तर ती नियमांची नाही, ते वापरण्याच्या सवयीची आहे. ज्यांनी प्रश्न विचारायचे ते सभासद पाळकाविषयीच्या आदरापोटी गप्प राहतात. आणि ज्यांनी उत्तरे द्यायची ते विश्वस्त प्रश्नालाच अविश्वास समजतात.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सेवेला मोल लावले की तिच्यातला आनंद जातो, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात पाळीपाळीने सेवेला येणारे हजारो सेवेकरी पगारासाठी येत नाहीत. त्या परिसराची स्वच्छता आणि शिस्त हा त्यांच्या भक्तीचाच आविष्कार आहे. चर्चच्या गायनवृंदात गाणारी किंवा रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी व्यक्ती तासाचा दर मागायला लागली, तर मंडळी ही मंडळी राहणार नाही. लहान मंडळीला पगार परवडत नाही, हेही खोटे नाही. पुण्याच्या पूर्वेला हडपसरपासून लोणी काळभोरपर्यंत आणि त्याही पुढे वस्ती वाढते आहे. अशा नव्या वस्तीत नवी प्रार्थनास्थळे उभी राहतात ती बहुधा सभासदांच्या हातांवरच. त्या हातांवर कर लावावा असे कोणी म्हणणार नाही.

परंतु मोल लावणे आणि नोंद ठेवणे यांत अंतर आहे. ब्रिटनमधील धर्मादाय संस्थांच्या हिशेबपद्धतीने त्यावर चांगला तोडगा काढला आहे. सामान्य स्वयंसेवकांच्या श्रमाची रक्कम उत्पन्नात धरायची नाही, कारण ती विश्वासार्हपणे मोजता येत नाही. मात्र त्यांनी कोणते काम केले आणि संस्था त्यांच्यावर कितपत अवलंबून आहे, याचे वर्णन वार्षिक हिशेबासोबत द्यायचे. महाराष्ट्राच्या विश्वस्तकायद्यातील नमुन्यात अशा वर्णनाची भर घालण्यास मोठ्या सुधारणेची गरज पडणार नाही. ठराविक उत्पन्नाच्या वरील संस्थांनाच ते बंधनकारक केले, तर लहान मंडळ्यांवर कागदाचे ओझेही वाढणार नाही.

कायदा बदलेपर्यंत संस्थांना काही गोष्टी स्वतःहून करता येतील. सणासुदीची सेवा आणि रोजचे काम यांत रेषा आखता येईल. जे काम वर्षभर, ठरल्या वेळी आणि खाडा झाल्यास जाब विचारून करून घेतले जाते, ते नोकरीचे काम आहे आणि त्याला पगार असला पाहिजे. सभागृह भाड्याने देणे, दुकान वा उपाहारगृह चालवणे अशा कमाईच्या कामात फुकट श्रम वापरू नयेत, कारण तेथे संस्था इतरांसारखीच बाजारात उभी असते. ज्यांना संस्थेकडून मदत मिळते त्यांच्याकडून त्या मदतीची परतफेड म्हणून काम घेऊ नये. गरिबाला नकार देणे सर्वांत अवघड असते. स्वयंसेवकांचा अपघात विमा उतरवावा. दानपात्रातील पैशाचा याहून उचित विनियोग शोधावा लागेल. आणि अर्थसमितीवर देणगीदारांइतकीच जागा राबणाऱ्यांना द्यावी. स्वयंपाकघर बहुधा स्त्रियांकडे आणि पावतीपुस्तक पुरुषांकडे असते, ही वाटणी त्यामुळे थोडीफार तरी हलेल.

वारीपुरते बोलायचे तर राज्य सरकारने २०२४ मध्ये दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये देण्याची घोषणा केली, तेव्हा स्वागताबरोबर विरोधाचा सूरही उमटला होता. आलेल्या पैशाचे काय करायचे याची अशी चर्चा होते, हे चांगलेच आहे. तशीच चर्चा आलेल्या श्रमाची व्हायला हवी, आणि तिची सुरुवात शासनाने करण्यापेक्षा मंडळीने, देवस्थानाने, दिंडीने स्वतःच्या वार्षिक सभेत केली तर ती अधिक शोभेल. दात्याने हजार रुपये दिले तर ते कोठे गेले हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे, याविषयी आज दुमत नाही. ज्या बाईने वर्षाचे पन्नास रविवार दिले, तिलाही तोच अधिकार आहे. तिने दिलेले दान हजार रुपयांहून मोठे आहे, आणि त्याची पावती अजून फाटलेली नाही.